विश्लेषण : गोल्फ क्लबची ग्रिप घरच्या घरी मापात कशी आणतात?

गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या कोणत्याही मुलाला बॅटची ग्रिप कशी चढवतात हे ठाऊक असते. दांडा हाताला बारीक लागला की एकावर दुसरी ग्रिप, जाड लागला की एक काढून टाकायची. गोल्फ खेळणारे मात्र हजारो रुपयांचा संच घेतात आणि ग्रिप दुकानातून आली तशीच वर्षानुवर्षे वापरतात. ती आपल्या हाताच्या मापाची आहे की नाही, हे तपासणारे थोडेच. मावळ परिसराला हा खेळ आता परका राहिलेला नाही. लोणावळ्याच्या दक्षिणेला डोंगरात ॲम्बी व्हॅलीचे १८ होलचे मैदान उभे राहिले. ज्या गहुंज्यात महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे स्टेडियम आहे, तिथेच पवनेकाठच्या वसाहतीतही गोल्फ आले. पण लोणावळ्यात चिक्कीची दुकाने पावलोपावली असली, तरी ग्रिप बदलून देणारे दुकान शोधत पुणे-मुंबईच गाठावे लागते. हे काम घरच्या गॅलरीत, तासाभरात होण्यासारखे आहे. त्यात काय करायचे आणि काय टाळायचे, याविषयी…

ग्रिप बेमाप असली तर काय बिघडते?

खेळाडू आणि क्लब यांचा संबंध येतो तो फक्त ग्रिपपाशी. ती हाताच्या मानाने बारीक असेल तर क्लब निसटेल या भीतीने बोटे नकळत आवळली जातात. आवळलेल्या बोटांमुळे मनगट आणि कोपरापर्यंतचा स्नायू ताठ होतो. ग्रिप फार जाड असेल तर उलटे घडते. बोटांचा विळखा पुरा बसत नाही आणि क्लबचा भार तळव्यावर येतो.

गोल्फच्या दुकानांत एक ठोकताळा ऐकायला मिळतो. बारीक ग्रिपने मनगटे जास्त फिरतात आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे वळतो, तर जाड ग्रिपने मनगटे अडतात आणि चेंडू उजवीकडे जातो. यात तथ्य आहे, पण तो सर्वांना सारखा लागू पडत नाही. काहींना जाड ग्रिप दिली की हात सैल पडतात आणि चेंडू सरळ जाऊ लागतो. ब्रायसन डिशॅम्बो हा अमेरिकी खेळाडू अवाढव्य ‘जंबो’ ग्रिप वापरतो आणि त्याच क्लबांनी त्याने २०२० ची अमेरिकी खुली स्पर्धा जिंकली. तेव्हा चेंडू कुठे वळतो यावरून ग्रिपचे माप ठरवू नये. किती जोरात धरावे लागते, हा निकष अधिक भरवशाचा.

संधिवाताने बोटे आखडलेल्या ज्येष्ठांसाठी किंचित जाड आणि मऊ ग्रिप हा नेहमी दिला जाणारा सल्ला आहे, कारण जाड वस्तू धरायला बोटे कमी मिटावी लागतात. मात्र बोट अडकून राहत असेल किंवा कोपर सतत दुखत असेल, तर टेप गुंडाळण्याआधी डॉक्टरांकडे जावे.

आपले माप कसे ओळखायचे?

उजव्या हाताच्या खेळाडूने फक्त डाव्या हाताने क्लब नेहमीसारखा धरावा आणि मधले बोट व अनामिका यांची टोके पाहावीत. ती अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्याला अलगद टेकली तर ग्रिप मापाची आहे. टोके तळव्यात रुतत असतील तर बारीक, आणि टोके व उंचवटा यांत फट राहत असेल तर जाड. डावखुऱ्यांनी हीच तपासणी उजव्या हाताने करावी. नखे वाढलेली असतील तर आधी कापावीत, नाहीतर प्रत्येक ग्रिप बारीकच वाटेल.

दुसरी पद्धत फूटपट्टीची. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी मोजायची. ती ७ इंचांहून कमी असेल तर बारीक ग्रिप, ७ ते पावणेनऊ इंचांपर्यंत प्रमाण माप, सव्वाआठ ते सव्वानऊपर्यंत ‘मिडसाइझ’ आणि त्यापुढे ‘जंबो’ असा ढोबळ हिशेब आहे. सव्वाआठ ते पावणेनऊ इंचांच्या हाताला प्रमाण आणि मिडसाइझ दोन्ही चालू शकतात, हे यातच दिसते. अशा हातांसाठीच टेपचे थर उपयोगी पडतात. पण लांबी सारखी असलेल्या दोन हातांची बोटे सारखी नसतात. कुणाची लांबसडक असतात, तर कुणाचा तळवाच रुंद असतो. त्यामुळे फूटपट्टीने अंदाज घ्यावा आणि निर्णय बोटांच्या टोकांवर सोडावा.

हा सगळा फरक अर्ध्या सुताचा…

आकडे ऐकून दचकायचे कारण नाही. प्रमाण ग्रिपचा बाहेरचा व्यास, वरच्या टोकापासून २ इंच खाली मोजला तर, साधारण ०.९ इंच म्हणजे २२.९ मिलिमीटर भरतो. मिडसाइझ त्याहून १/१६ इंच जाड आणि जंबो १/८ इंच जाड. सुताराच्या भाषेत १/८ इंच म्हणजे एक सूत. म्हणजे प्रमाण ग्रिप आणि जंबो यांत फक्त एका सुताचे अंतर आहे, आणि मिडसाइझ अर्ध्या सुतावर. एवढ्याशा फरकाने हाताला ओळखू येणारा बदल होतो, म्हणूनच हे काम अंदाजपंचे करू नये. साधा व्हर्निअर कॅलिपर हाताशी हवा. तळेगाव किंवा चाकणच्या कारखान्यात काम करणारे कुणी शेजारी असेल, तर तो बहुधा उसना मिळतो.

आणखी एक आकडा ग्रिपच्या तोंडापाशी आतल्या बाजूला कोरलेला असतो. ‘एम ५८’, ‘एम ६०’ किंवा ‘एम ६२’ असे ते अंक ग्रिपच्या आतल्या पोकळीचा व्यास सांगतात : ०.५८, ०.६० किंवा ०.६२ इंच. शाफ्टच्या, म्हणजे क्लबच्या नळीच्या, वरच्या टोकाचा व्यास पुरुषांच्या क्लबांत बहुधा ०.६० इंच असतो. महिलांच्या आणि काही ग्रॅफाइट क्लबांत तो ०.५८ किंवा त्याहून कमी भरतो. ०.६० इंचाच्या शाफ्टवर ‘एम ६०’ चढवली तर ठरलेले माप मिळते. त्याच शाफ्टवर ‘एम ५८’ चढवली तर रबर ताणले जाऊन ग्रिप सुमारे अर्धा मिलिमीटर जाड होते, आणि ‘एम ६२’ चढवली तर तेवढीच बारीक. हा अंक न पाहता ग्रिप मागवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे.

टेप ग्रिपच्या वर की खाली?

क्रिकेटची सवय इथे आड येते. बॅटला जाडी देण्यासाठी ग्रिपवर ग्रिप चढवतात. गोल्फमध्ये जाडी आतून देतात. आधी शाफ्टवर कागदी मास्किंग टेपचे थर, त्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप आणि सर्वांत वर ग्रिप. टेनिस-बॅडमिंटनच्या रॅकेटला गुंडाळतात तशी पट्टी बाहेरून गुंडाळूनही क्लब जाड होतो, आणि सरावापुरता तो प्रयोग करून पाहायला हरकत नाही. पण पट्टीच्या कडा उठतात आणि पावसात ती भिजून लिबलिबीत होते.

किती थर द्यायचे, यावर दुकानदारांचा हिशेब असा की एका थराने व्यास १/६४ इंच, म्हणजे ०.४ मिलिमीटर वाढतो. चार थर दिले की मिडसाइझ. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा मास्किंग टेप मात्र पातळ असतो. तो ०.१३ मिलिमीटरच्या आसपास असेल तर दोन्ही बाजू धरून एका थराने व्यास फक्त ०.२६ मिलिमीटर वाढेल. म्हणजे चार थरांनी कसाबसा एक मिलिमीटर, आणि मिडसाइझ गाठायला सहा थर. इंटरनेटवरचे ‘चार थर’ इथे खोटे पडतात ते असे. टेपचे दहा थर एकावर एक चिकटवून, कॅलिपरने मोजून दहाने भागावे आणि मग आपला हिशेब मांडावा. वर चढणारे रबर ताणले जाऊन किंचित पातळही होते, त्यामुळे हाती येणारी वाढ कागदावरच्या हिशेबापेक्षा थोडी कमीच असते.

थरांना वजनही असते. पूर्ण लांबीच्या एका थराचे वजन साधारण दीड-दोन ग्रॅम. सहा थर म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास. हाताकडच्या टोकाला चार-पाच ग्रॅम वाढले की क्लबचे डोके हाताला एक श्रेणी हलके जाणवते, असे क्लब बांधणारे मानतात. शिवाय कागदाचे थर वाढत गेले की ग्रिप टणक लागते. त्यामुळे अर्धा सूत पूर्ण वाढवायचे असेल तर सरळ मिडसाइझ ग्रिप विकत घ्यावी हे बरे. टेपचा खरा उपयोग मधल्या मापांसाठी, म्हणजे प्रमाण माप जरा बारीक आणि मिडसाइझ जरा जाड वाटणाऱ्या हातांसाठी. आपल्याकडे असे हात पुष्कळ आहेत.

जुनी ग्रिप काढताना…

कामाला लागणारे साहित्य फारसे नाही. आकडीसारखे वाकडे पाते असलेला कटर, मास्किंग टेप, २ इंची दुतर्फी टेप, मिनरल टर्पेंटाइन, जुने फडके, एक पातेले आणि जुना टी, म्हणजे चेंडू ठेवायची लाकडी खुंटी. क्लब धरायला बेंच व्हाइस असेल तर उत्तम. पण शाफ्टभोवती रबराचा तुकडा गुंडाळल्याशिवाय तो व्हाइसमध्ये आवळू नये, नळी चेपते.

ग्रिपच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकाकडे, पाते अंगापासून लांब ढकलत चीर द्यायची आणि साल सोलावी तशी ग्रिप उलगडायची. ग्रॅफाइट शाफ्टवर सरळ पात्याचा कटर वापरू नये. त्याने धाग्यांवर चरा पडला तर शाफ्ट पुढे कधी तरी ऐन फटक्यात तिथूनच तुटू शकतो. जुना टेप सहसा चिवटपणे बसलेला असतो. हेअर ड्रायरने जरा ऊब दिली की तो सुटतो. ग्रॅफाइटला जास्त तापवू नये. राहिलेला चिकटपणा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून शाफ्ट कोरडा करायचा.

आणि नवी चढवताना…

शाफ्टच्या वरच्या टोकाचा परीघ ४८ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि २ इंची मास्किंग टेपची रुंदीही जवळपास तेवढीच. त्यामुळे टेप गोल गुंडाळण्याऐवजी उभा लावला तर एक पट्टी नळीला बरोबर एक वेढा घालते, ना सुरकुती ना चढ. खाली शाफ्ट निमुळता होतो, तिथे कडा एकमेकींवर येतात. तेवढा भाग कापून टाकायचा. पुढच्या थराचा सांधा मागच्या सांध्याच्या विरुद्ध बाजूला ठेवायचा.

मास्किंग टेपचे थर झाले की दुतर्फी टेप तसाच उभा लावायचा, वर अर्धा इंच जास्त ठेवून. हे जास्तीचे टोक पिळून नळीच्या आत ढकलायचे, म्हणजे टर्पेंटाइन आत जात नाही. ग्रिपच्या टोपीला छोटे भोक असते, ते टी खोचून बंद करायचे. ग्रिपमध्ये टर्पेंटाइन ओतायचे, तोंडावर बोट धरून हलवायचे आणि तेच टेपवर सगळीकडे ओघळू द्यायचे. खाली पातेले असतेच. मग ग्रिपचे तोंड चिमटून शाफ्टवर बसवायचे आणि न थांबता एका दमात टोपी टेकेपर्यंत ढकलायचे. इथे कंजुषी नडते. प्रस्तुत लेखकाने पहिल्या वेळी चमचाभर टर्पेंटाइनवर भागवले, ग्रिप अर्ध्यात अडकली ती कायमची, आणि नवीकोरी ग्रिप कापून काढावी लागली.

ग्रिप बसल्यावर मिनिटभरच हाताशी असते. तेवढ्यात क्लबचे डोके जमिनीवर सरळ टेकवून ग्रिपवरची नक्षी किंवा खूण फळीच्या दिशेशी जुळवून घ्यावी. मग क्लब उभा करून ठेवायचा.

हे काम गॅलरीत किंवा अंगणात करावे, स्वयंपाकघरात नाही. टर्पेंटाइन पेट घेते. गॅस, निरांजन, उदबत्ती, विडी-सिगारेट काहीही जवळ नको. पेट्रोल तर मुळीच वापरू नये. त्याची वाफ लांबवर पसरते आणि ठिणगीला निमित्त पुरते. वापरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात न टाकता मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत.

पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर चालेल का?

चालतो, आणि माप ठरवण्यासाठी ती पद्धत अधिक सोयीची आहे. यात दुतर्फी टेप आणि टर्पेंटाइन लागत नाही. शाफ्टवर फक्त मास्किंग टेप लावतात, ग्रिपचे तोंड त्यावर चढवतात आणि टोपीच्या भोकातून हवा सोडतात. रबर फुग्यासारखे किंचित फुगते आणि हवेच्या उशीवर ग्रिप सरकत जाते. हवा बंद केली की ती आवळून बसते. पुन्हा हवा सोडली की निघते. एकच ग्रिप आज दोन थरांवर, उद्या चार थरांवर वापरून पाहता येते.

अडचण दाबाची. महामार्गावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर ट्रकच्या टायरसाठी असतो. तो दाब थेट सोडला तर ग्रिप फुटते किंवा हातातून सुटून उडते. दाब उतरवणारा रेग्युलेटर असेल तरच हा उद्योग करावा, हवा थोडी थोडी सोडावी आणि डोळ्यांवर चष्मा ठेवावा. माप पक्के झाले की शेवटची ग्रिप नीट चिकटवून बसवणे केव्हाही चांगले.

ग्रिप बारीक करता येते का?

थोडीशी. ओली असताना ग्रिप खालच्या बाजूला ओढून अर्धा इंच लांबवली की रबर पातळ होते आणि व्यास साधारण एका थराइतका घटतो. खालचे टोक मास्किंग टेपने बांधून सुकेपर्यंत तसेच धरून ठेवावे लागते, नाहीतर रबर मागे सरकते. त्याहून बारीक हवी असेल तर बारीक मापाचीच ग्रिप घ्यावी.

काकांचा संच पुतण्याला…

घरात एक संच आला की तो हातोहात फिरतो, आणि मैदानावर कॅडीचे काम करणाऱ्या मुलांच्या हातीही बहुधा जुनेच क्लब येतात. याच वाटेने मोठे झालेले खेळाडू देशाने पाहिले आहेत. दिल्लीचे अली शेर कॅडी होते. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये टोक्यो ऑलिम्पिकमध्ये खेळला. चांगला खेळ जुन्या क्लबावरही शिकता येतो, पण मुलाच्या हातात मोठ्या माणसाची ग्रिप असेल तर ते दोन्ही तळव्यांनी क्लब मुठीत पकडते आणि ती पकड पुढे सुटत नाही.

मुलासाठी क्लब आखूड करताना शाफ्ट वरून तीन-चार इंच कापतात. शाफ्ट निमुळता असल्याने कापलेल्या जागी तो आधीपेक्षा बारीक असतो. त्यावर जुन्याच मापाची ग्रिप चढवली तर दोन गोष्टी होतात. ग्रिप बारीक होते, ते मुलाच्या सोयीचेच. पण ती ढिलीही बसते. म्हणून कापल्यावर नव्या टोकाचा व्यास पुन्हा मोजावा आणि आतली पोकळी त्याच्याशी जुळणारी, लहान मुलांची किंवा महिलांची ग्रिप घ्यावी. ती मिळाली नाही तर ढिलेपणा जाण्यापुरताच एखादा थर द्यावा, जास्त नको. मूल वाढले की सहा महिन्यांनी माप पुन्हा पाहावे.

लोणावळ्याच्या पावसात…

जून ते सप्टेंबर या काळात मावळातली हवा काही केल्या कोरडी होत नाही. पुण्यात रात्रभरात सुकणारी ग्रिप इथे दोन दिवस ठेवावी. पाण्याने ओला करून वापरायचा टेपही मिळतो. वास नाही, आगीची भीती नाही, म्हणून तो चांगला. पण दमट हवेत आत अडकलेले पाणी लवकर सुटत नाही, तेव्हा पावसाळ्यात टर्पेंटाइनचीच पद्धत बरी.

घाई का नको, तर अर्धवट चिकटलेली ग्रिप फटक्यात हातात फिरते. क्लबचे डोके प्रचंड वेगात असते. ग्रिप सरकून क्लब सुटला तर तो शेजारी उभ्या असलेल्या कॅडीच्या किंवा मित्राच्या दिशेने जाऊ शकतो. खेळण्याआधी दोन्ही हातांनी ग्रिप जोरात पिळून पाहावी. जराही हलली तर त्या दिवशी तो क्लब बॅगेतच राहू द्यावा. पावसात खेळणाऱ्यांनी धागे विणलेली ‘कॉर्ड’ ग्रिप घ्यावी. ती हाताला खरखरीत लागते, पण ओली झाली तरी सुटत नाही. गुळगुळीत झालेल्या जुन्या ग्रिपला कोमट पाणी, साधा भांड्यांचा साबण आणि ब्रश एवढ्यानेही बरीच पकड परत येते. पुष्कळदा ‘ग्रिप बारीक वाटते’ ही तक्रार खरे तर घामाच्या आणि तेलाच्या थराची असते. आधी धुऊन पाहावी.

नियम काय सांगतात?

स्पर्धा खेळणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. पटर सोडून इतर सर्व क्लबांची ग्रिप गोल हवी. मागे बारीक सरळ उंचवटा चालतो. ती वरून खाली निमुळती होऊ शकते, पण मध्ये कुठे फुगवटा किंवा कंबर नको. जाडीची कमाल मर्यादा पावणेदोन इंच आहे, म्हणजे जंबोलाही भरपूर वाव आहे. घरी टेप लावणाऱ्यांची चूक होते ती फुगवट्याची. खालच्या हाताखाली दोन-तीन थर जास्त देण्याची पद्धत अलीकडे लोकप्रिय आहे, काही कंपन्या तशा तयार ग्रिपही विकतात. तसे थर देताना खालचा भाग वरच्यापेक्षा जाड होणार नाही आणि थर जिथे संपतात तिथे गाठ राहणार नाही, हे पाहावे. अंगठा ग्रिपवरून खाली-वर फिरवला तर कुठेही पायरी लागता कामा नये.

पूर्ण संच एकदम उघडायला घेऊ नये. रोज वापरात असलेला एक क्लब, बहुधा ७ क्रमांकाचे आयर्न, आधी करावा, पंधरा दिवस त्याने खेळावे आणि दिलेले थर क्लबच्या क्रमांकासह वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी ग्रिप कापल्यावर खाली किती थर होते, हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.